वीतभर अधांतरी

ज्येष्ठ वद्य नवमी, शुक्रवार, ३ जुलै १९६४
चामराजपेठ, बेंगळूर

तीर्थरूपांचे श्राद्ध निर्विघ्न पार पडले, असे लिहिण्यासाठी दौत उघडली; परंतु तो शब्द लिहवत नाही.

नित्याप्रमाणे दोन ब्राह्मण निमंत्रिले होते. देवस्थानी मठातील वृद्ध आचार्य आणि पितृस्थानी चंद्रकांतभट. पाट दोन, पाने दोन. तिलोदक सोडून मी मान वर केली, तेव्हा चंद्रकांतभटांच्या पलीकडे, माझ्या डाव्या हाताला, तिसरा एक जण बसलेला दिसला. अंगलट भटांचीच, उपरणे घेण्याची रीतही तीच. भेद एवढाच की त्याचा पाट जमिनीपासून वीतभर वर होता. तो काही मागत नव्हता. भटांनी हात पुढे केला की तोही करी.

श्राद्धाच्या वेळी अनाहूत कोणी आला तर तो कोणाच्या रूपाने आला असेल हे सांगता येत नाही. त्यास विन्मुख पाठवू नये, असा निर्णय मी आजवर शेकडो गृहस्थांना दिला आहे. स्वतःवर वेळ आली तेव्हा तो मोडू कसा? मी खुणेने तिसरे पान मांडावयास सांगितले.

सूनबाई कौशल्या वाढत होती. ती जागीच थबकली. "मामंजी, कोणाला?"

श्राद्धात मौन असते. मी पुन्हा खूण केली. तिने भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि रिकाम्या जागी भातापासून पायसापर्यंत सर्व वाढले.

चंद्रकांतभट आणि माझा दामोदर एकाच वर्षी जन्मलेले. दोघांनी माझ्याच ओट्यावर बसून संथा घेतली. दामोदर आज असता तर एकोणपन्नास वर्षांचा असता आणि अंगाने असाच भरला असता.


रविवार, १२ जुलै

नऊ दिवसांत त्याचे दर्शन चार वेळा झाले. डावीकडे वर पाहिले म्हणजेच होते. देव्हाऱ्यातील समई दोन होतात आणि वरची समई कशावरही टेकलेली नसते. काल ओट्यावर चंद्रकांतभट आले असता तो त्यांच्या मागे उभा होता. पाय भूमीला लागलेले नव्हते. ज्यांना गती मिळाली नाही त्यांचे पाय भूमीला लागत नाहीत, हे लहानपणी आजीकडून ऐकले होते. पुढे ग्रंथांत शोधले तेव्हा ते कोठे आढळले नाही. आता वाटते, आजीने पाहिले असावे.

कोणास गती मिळाली नाही, हे मला ठाऊक आहे.

दामोदर १९३९ साली रंगूनला एका लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून गेला. घर मिळाले की कौशल्येस नेणार होता. १९४२ च्या माघात त्याचे अखेरचे पत्र आले: शहरावर बाँब पडत आहेत, सर्वांबरोबर पायी निघतो. त्यानंतर काही नाही. त्या वाटेवर किती माणसे पडली याची गणती कोणी केली नाही. बारा वर्षे मी वाट पाहिली. तेराव्या वर्षी, १९५४ च्या मार्गशीर्षात, शास्त्राप्रमाणे पालाशविधी केला. पळसाच्या तीनशे साठ देठांचा देह, मस्तकाच्या जागी नारळ. अग्नी मीच दिला. त्या दिवशी सायंकाळी कौशल्येचे कपाळ रिकामे झाले. वय चौतीस.

विधीत मंत्रलोप झाला नव्हता. मग तो का येतो?


रविवार, २६ जुलै

बहिणीचा मुलगा उमाकांत राजाजीनगराहून आला होता. तो मोठ्या रुग्णालयात डॉक्टर आहे. परंतु रोग्यांना तपासत नाही, त्यांच्या अंगातून काढलेले तुकडे काचेवर ठेवून तपासतो. म्हणून मी त्याला थट्टेने 'शकलाचार्य' म्हणतो.

आज त्याने कॉफीचा पेला ओठाशी नेला आणि तेथूनच माझ्याकडे पाहत राहिला.

"मामा, तुमचा डावा डोळा पुढं आलाय."

"वय झाले की माणूस मागे जातो, डोळे पुढे येतात."

"विनोद राहू द्या. स्वल्प वर बघा. आता डावीकडे." त्याने माझी वरची पापणी उलटली. त्याचा स्वर उतरला. "दुखतं?"

"मुळीच नाही."

"तेच मला आवडलं नाही." पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्यात, गुलाबी मांसाचा मऊ पट्टा आहे असे तो म्हणाला. "एकाचे दोन दिसतात का?"

मी उत्तर देणार नव्हतो. कौशल्या दारामागून म्हणाली, "दिसतात. मी तिसरं पान वाढलंय."

उमाकांताने खिशातले एक कार्ड काढून माझ्या डाव्या डोळ्यावर धरले. "आता समई बघा." एक दिसली. कार्ड काढले. दोन. पुन्हा धरले. एक.

"बघितलंत? दुसरा जो दिसतो तो बाहेर नाही, मामा. डोळ्यामागं काहीतरी वाढतंय आणि ते बुबुळाला खाली ढकलतंय. डोळा खाली गेला की त्याला जग वर दिसतं. भूत नाही, भूमिती आहे."

मी म्हणालो, "एक डोळा झाकल्यावर तो दिसत नाही, एवढे तू सिद्ध केलेस. तो नाही, हे सिद्ध केले नाहीस."

"अय्यो मामा!" म्हणून त्याने कपाळाला हात लावला. पण हसला नाही.


बुधवार, ५ ऑगस्ट

शनिवारी नेत्रवैद्यांनी पापणीखालून तांदळाएवढा तुकडा काढला. आज उमाकांताने मला त्याच्या प्रयोगशाळेत नेले. रोग्यापासून रोग लपविण्याची वैद्यांची रीत त्याला मान्य नाही. "तुम्ही आयुष्यभर लोकांना कटू निर्णय दिलेत. तुम्हाला कोणी गोड का सांगावा?"

त्याने सूक्ष्मदर्शक माझ्यापुढे सरकवला. एकाच नळीचा असल्याने एकच डोळा लावावा लागतो. तेथे दुसरा कोणी येऊ शकत नाही. जांभळ्या रंगात मोहरीची रास पसरावी तसे काही दिसले. वाटोळे दाणे, दाट, काठोकाठ.

"निरोगी जागी लहान, मोठे, म्हातारे, सगळ्या तऱ्हेचे असतात," तो म्हणाला. "इथं बघा. एकच चेहरा. हजार वेळा तोच."

एकच चेहरा हजार वेळा. डोळा दूर केला.

रोगाचे नाव लिंफोसार्कोमा. मी विचारले, ही तर गाठींची व्याधी. मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात असे ऐकले आहे. मला तर एकही गाठ नाही. तेव्हा त्याने कपाटातून एक जाड वही काढली. अकरा वर्षांतील अशा सर्व रोग्यांची नोंद त्याने त्या वहीत ठेवली आहे. त्यावर तो निबंध लिहीत आहे.

"सगळे डॉक्टर गाठीच चाचपतात, मामा. म्हणून चुकतात. ह्या पेशी म्हणजे शहराचे शिपाई समजा. गाठी ही त्यांची ठाणी. पण शिपाई ठाण्यातच बसून नसतात, अंगभर गस्त घालतात. बंड झालं तर बहुतेक वेळा ठाण्यात होतं. पण माझ्या एकशे तेरांपैकी एकतीस जणांत ते ठाण्याबाहेर सुरू झालं. चारांत एकाहून जास्त! बारा पोटात, सात घशातल्या टॉन्सिलांत, चार आतड्यात, तीन कातडीत, दोन थायरॉइडात. हाडात एक, वृषणात एक. आणि डोळ्याच्या खोबणीत एक. तिथं तर ठाणं नसतंच. निरोगी माणसाच्या त्या खोबणीत एकही गाठ नसते, तरी तिथं उगवतं."

"ज्याला जेथे घर नाही, तो तेथे प्रकट होतो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे चमकून पाहिले. "बोलायचं तर तसंच."

खोबणीतला तो एक कोण, असे मी विचारले. शिवाजीनगरचा एक शिंपी. सात वर्षांपूर्वी क्ष-किरण दिले, आजही सुईत दोरा ओवतो.

"ह्या जातीचा स्वभाव मंद असतो. दुखत नाही, घाई करत नाही, एका जागी वर्षानुवर्षं बसून राहतो. तिथंच गाठला तर किरणांनी विरघळतो. पण बसून राहतो म्हणून विसरलात, तर डोळा जातो. आणि कधीकधी मधली सगळी ठाणी ओलांडून, पोटात नाहीतर दुसऱ्या डोळ्यात उठतो. म्हणून सगळीकडं शोधावं लागतं."

मी विचारले, "किरणांनी तो विरघळला, म्हणजे दुसरी समईही जाईल?"

"जाईल. तेच तर हवंय."

निघताना पाहिले, वहीच्या अखेरच्या ओळीत एकशे चौदा हा आकडा त्याने लिहून ठेवला होता. पुढे नाव नव्हते.


रविवार, ९ ऑगस्ट

पोट तपासण्यासाठी काल पांढरे, खडूसारखे पाणी प्यावयास दिले. माझे चातुर्मासाचे नियम आहेत. मी पेला हाती धरून राहिलो. उमाकांत म्हणाला, "शास्त्रात बेरियमचा निषेध आहे का?" मी म्हणालो, "उल्लेख नाही." "मग प्या." प्यालो. पोट निर्दोष निघाले. घसाही. हाडात सुई घालून पाहिले, तेथेही काही नाही. तो केवळ त्या एका ठिकाणी आहे.

आता किरणांचा प्रश्न. मी उमाकांतास सांगितले, भाद्रपद अमावास्येपर्यंत थांब. दामोदराची मृत्युतिथी अज्ञात असल्याने त्याचे श्राद्ध त्या दिवशी असते. त्या दिवशी तो पानावर बसलेला मला एकदा पाहावयाचा आहे. मग डोळा घ्या.

"दोन महिने? मंद म्हणजे मेलेला नव्हे, मामा!" तो रागावून उठला आणि कौशल्येला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी सांगा." ती आत निघून गेली.


गुरुवार, २० ऑगस्ट

आता उजवीकडे पाहिले तरी दोन दिसतात. कौशल्येच्या वर एक कौशल्या असते, चुलीच्या वर चूल. मी चालताना भिंतीला हात लावतो. पोथीतल्या दोन ओळींच्या चार होतात, म्हणून आजकाल सूनबाई वृत्तपत्रही वाचून दाखवते.

आज तिने वाचले की ब्रह्मदेशाच्या सरकारने आपल्या लोकांची दुकाने व धंदे काढून घेतले. रंगूनहून आगबोटी भरभरून माणसे मद्रासच्या बंदरात उतरत आहेत. ती बातमी तिने वाचली आणि न विचारता पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मी म्हणालो, "ज्याचे दहन झाले त्याची वाट पाहणे शास्त्राला धरून नाही."

तिने वृत्तपत्र घडी घालून ठेवले. या घरात सत्तावीस वर्षांत तिने मला उलट उत्तर दिल्याचे स्मरत नाही. आज दिले.

"मग तुम्ही कोणाची वाट बघताय, मामंजी? हवेत दिसणाऱ्यासाठी डोळा घालवायला निघालात. तुम्हीच त्यांना जाळलंत. ते खरंच येत असतील तर मला का दिसत नाहीत? मी त्यांची बायको."

मी तिलाच सांगितले की उमाकांताला निरोप धाड, किरण घेतो.


शनिवार, १२ सप्टेंबर

तीन आठवडे होत आले. एका मोठ्या यंत्राखाली निजवतात. बुबुळावर शिशाची वाटी ठेवतात. सर्व जण खोली सोडून जातात, दार लागते आणि कोठूनतरी भुंग्यासारखा नाद सुरू होतो. काही दिसत नाही, काही स्पर्शत नाही. अदृश्याने अदृश्याला मारण्याचा हा प्रयोग आहे. मी जप करीत नाही. कोणासाठी आणि कोणाविरुद्ध करावा, हे ठरत नाही.

पापणी भाजल्यासारखी लाल आहे. परंतु फुगवटा ओसरला. आज समई पाहिली. वरची खाली उतरली होती. आता दोघींत चार बोटांचे अंतर आहे.


रविवार, २७ सप्टेंबर

एकच समई.

चंद्रकांतभट मुद्दाम येऊन डावीकडे बसले. त्यांच्यामागे कोणी नव्हते. उमाकांत आनंदाने टाळी वाजवून म्हणाला, "एकशे चौदा नंबर पास!" क्वचित थकव्याने काही दिवस दुहेरी दिसेल, तसे झाल्यास डावा डोळा झाकावा, दोष असेल तर नाहीसा होईल, असे त्याने चार वेळा बजावले. दर तीन महिन्यांनी पोट आणि दुसरा डोळा तपासायचा आहे.

मी त्याला आशीर्वाद दिला. तो गेल्यावर ओट्याची डावी बाजू पाहत बसलो. पुत्र मला दोनदा गेला. पहिल्या वेळी अग्नी दिला, या वेळी किरण.


भाद्रपद अमावास्या, सोमवार, ५ ऑक्टोबर

दामोदराचे श्राद्ध झाले. पाने दोनच मांडली. तिसरे मांडण्याचा मोह आवरला.

पिंड मांडण्याच्या सुमारास पुढल्या दारी तो पुन्हा दिसला. उमाकांताने सांगितलेला थकव्याचा दोष तो हाच. या खेपेस उजव्या अंगाला, चौकटीला धरून उभा होता. पूर्वीसारखा पुष्ट नव्हता. वाळलेला, दाढी पांढरी, खांद्याला कापडी पिशवी. डाव्या चपलेचा अंगठा तुटून सुतळीने बांधलेला. पाय उंबऱ्याबाहेर जमिनीला पूर्ण टेकले होते. व्याधी उतरणीला लागल्याची ही खूण असावी. भट हलले तेव्हा तो हलला नाही. त्याने ओठ हलविले. रस्त्याने मोटार जात असल्याने काही ऐकू आले नाही, आणि आभासाला शब्द नसतात.

डोळा झाकून पाहण्याचे मनात आले. झाकला नाही. झाकला तर तो जाईल आणि मी तिसऱ्यांदा त्याला घालविल्यासारखे होईल, असे वाटले. शिवाय हात तिळांनी आणि दर्भांनी भरलेले होते, मौन होते. मी मान फिरवून पिंडाकडे लक्ष दिले. "अमुकगोत्राय दामोदरशर्मणे" म्हणताना वाणी अडखळली नाही, याचे मला समाधान वाटले. पुन्हा पाहिले तेव्हा दार मोकळे होते.

उमाकांताला हे कळवावे लागेल.


आश्विन शुद्ध प्रतिपदा, मंगळवार, ६ ऑक्टोबर

सकाळी विहिरीच्या कट्ट्यावर एक पितळी भांडे वेगळे पालथे घातलेले दिसले. परक्याला पाणी दिलेले भांडे असे ठेवतात. काल श्राद्धाच्या दिवशी परक्याला पाणी कोणी दिले, असे मी विचारले.

कौशल्या घटाजवळ माती पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "काल तुम्हाला काही दिसलं का, मामंजी?"

"दिसले. दोष किंचित शिल्लक आहे."

"कुठं?"

"पुढल्या दारी. उजव्या अंगाला."

"डावी चप्पल सुतळीनं बांधलेली?"

चपलेचे मी कोणास सांगितले नव्हते. ते या वहीत आहे, आणि वही माझ्या पेटीत असते. 

"पुढल्या दारी कोणी बोललं नाही, म्हणून ते वळसा घालून मागल्या दारी आले," ती म्हणाली. "पाणी मागितलं. डोळ्याच्या दोषाला तहान लागते का?"

"तू... ओळखलेस?"

"ओंजळ केली नाही. भांडं उंच धरून, डोळे मिटून, वरून धार सोडली. तसं पाणी पिणारा एकच माणूस मी बघितलाय."

"तो काय बोलला?"

"माझ्या कपाळाकडं बघितलं. मग आतून तुमचे मंत्र ऐकले. म्हणाले, कोणाचं श्राद्ध? मी म्हटलं, ह्या घरच्या मुलाचं. थोडा वेळ उभे राहिले. भांडं पालथं घातलं. कानडीत 'सरी' म्हणाले, बरं म्हणतात तसं, आणि गेले."

"अगं, मग थांबवायचे नाहीस?"

आता तिने वर पाहिले. "मी कोण म्हणून थांबवू? तुम्ही आत त्यांनाच पिंड देत होता."


बुधवार, ७ ऑक्टोबर

उमाकांताने चौकशी केली. ब्रह्मदेशातून आलेल्यांपैकी काही कुटुंबे स्टेशनासमोरच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, उतरली आहेत. उद्या त्यांना दुसरीकडे नेणार होते. दोघे टांग्याने गेलो.

ओवरीत शेपन्नास माणसे, ट्रंका, वळकट्या. अखेरच्या खांबाशी तो एकटा बसला होता. माझे पाय थांबले. उमाकांत पुढे जाऊ लागला, मी त्याचा हात धरला. हे मला करावयास हवे होते. परवाच करावयास हवे होते.

मी डावा डोळा झाकला. तो होता. डावा उघडून उजवा झाकला. तो होता, किंचित धूसर, जमिनीवर बसलेला. मग दोन्ही हातांनी दोन्ही डोळे झाकले आणि त्या काळोखात वाट पाहिली.

"अण्णा," काळोख म्हणाला, "तुम्ही इतके वाळलात?"


शुक्रवार, ९ ऑक्टोबर

घरी आणला. तो थोडे बोलतो. डोंगरांच्या वाटेवर ज्वराने पडला, बरोबरचे पुढे गेले. एका खेड्यात वाचला, राहिला. तेथील बाईशी संसार केला. ती सहा वर्षांपूर्वी वारली, मूल नाही. पत्र का धाडले नाहीस, असे मी विचारले. "पहिल्या वर्षी टपाल नव्हतं. नंतर तोंड नव्हतं."

आणखी एक गोष्ट त्याने आपण होऊन सांगितली. तेथेही तो आजोबांची तिथी उपवास करून पाळीत असे. यंदा ज्येष्ठ वद्य नवमीला रंगूनच्या धक्क्यावर आगबोटीची वाट पाहत दिवसभर निराहार बसला होता. दुपारी कोणीतरी न मागता त्याच्यापुढे पान मांडले. भात, वरण, पायसही. मान वर करून पाहिले तर वाढणारा पुढे निघून गेला होता.

उमाकांत म्हणाला, "धक्क्यावर धर्मादाय जेवण असतंच, मामा." असेलही. मी कौशल्येकडे पाहिले. ती तांदूळ निवडत होती; तिचे हात थांबले होते.


रविवार, ११ ऑक्टोबर

ज्याचे और्ध्वदेहिक झाले तो परत आला, तर काय करावे, याचा निर्णय ग्रंथांत आहे. त्याला तुपाने माखून स्नान घालावे, जन्मलेल्या बालकाप्रमाणे जातकर्मापासून सर्व संस्कार पुन्हा करावेत, आणि पूर्वीच्याच पत्नीशी पुन्हा विवाह लावावा. आज सकाळी मी हे दोघांस वाचून दाखविले. दामोदर मान खाली घालून ऐकत होता. पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा, जन्माला यावयाचा आहे तो.

मी म्हणालो, "दसऱ्यानंतरचा मुहूर्त पाहतो. सूनबाई, तुझे कुंकू..."

"मामंजी," ती म्हणाली, "ह्यात बायकोला विचारायचं कुठं लिहिलंय?"

मी पाने चाळली. उगाच चाळली, ग्रंथ मला पाठ आहे.

"कुंकू पुसताना कोणी विचारलं नव्हतं. लावताना तरी विचारा. आणि मला उत्तर द्यायला वेळ लागेल. बारा वर्षं नाही लागणार. पण लागेल."

दामोदर प्रथमच तिच्याकडे सरळ पाहत म्हणाला, "लागू दे."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी हजारो निर्णय दिले. आज मला कोणी निर्णय विचारला नाही.

माध्यान्ही आत गेलो तेव्हा ओळीने तीन पाने मांडलेली होती. एक माझे, एक दामोदराचे. तिसऱ्या पानापुढे पाट होता, जमिनीला टेकलेला. माझा हात आपोआप डाव्या डोळ्याकडे गेला.

तिने सर्वांना वाढले, पदर खोचला आणि त्या पाटावर स्वतः येऊन बसली.

"बसा, मामंजी," ती म्हणाली. "निवतंय."